खाऱ्या वाऱ्यातलं शिल्प

(दृश्य : पिळर्णची औद्योगिक वसाहत, कारखान्यांच्या शेडी)

इथे २०१५ साली म्युझियम ऑफ गोवा सुरू झालं. ते उभारणारे सुबोध केरकर यांचा जन्म १९५९ चा, शिक्षणाने डॉक्टर. दवाखाना सोडून ते पूर्णवेळ कलेकडे वळले. आधी जलरंग, मग वाळू, शिंपले, जुन्या होड्यांचं लाकूड, चिनी माती. माध्यमं बदलत गेली, समुद्र सुटला नाही.

(दृश्य : ओहोटी, ओली वाळू)

किनाऱ्यावरच्या वाळूत रचलेली कलाकृती, म्हणजे मांडणी, भरतीच्या वेळा पाहून करावी लागते. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब हटतं, घट्ट वाळू भरपूर मिळते. पण भरतीही तेवढीच वर चढते. हातात जेमतेम पाच-सहा तास, आणि शेवटी उरतो तो फोटो. त्यामुळे कॅमेरा कुठे लावायचा हे आधी ठरवावं, रचना मागून.

बाहेर कायम उभं राहणारं मोठं शिल्प बहुधा फायबरग्लासचं असतं. रेझिनमध्ये, म्हणजे काचेचे धागे बांधणाऱ्या द्रवात, आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) नीट ढवळायचं, हार्डनर (घट्ट करणारं द्रव्य) अगदी शेवटी, रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवूच नयेत. पावसाळ्यात काचेच्या धाग्यांची चटई (मॅट) ओल धरते, थर पांढुरका पडतो, पुढे सुटतो. पण खरा घात आतला सांगाडा करतो. साधी सळी गंजून फुगते आणि शिल्प आतून तडकतं. किनाऱ्याजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घ्यावं; ३०४ वर खारी हवा खड्डे पाडते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

(दृश्य : ताटलीवर चिकटलेली कालवं, अगदी जवळून)

केरकरांनी चिनी मातीच्या ताटल्या समुद्रात ठेवल्या आणि त्यांवर कालवं आणि बार्नॅकल (खडकांना चिकटून राहणारे कवचाचे छोटे जीव) वाढू दिले. म्हणजे अर्धं काम पाण्याच्या हाती. गुळगुळीत झिलईपेक्षा खरबरीत, चुना फासलेल्या जागी कालवाचं पिल्लू लवकर धरतं. गाळ साचला की ते गुदमरतं. नदीच्या मुखाशी पावसाचं गोडं पाणी उतरलं की मरतं. म्हणून ताटल्या पाऊस ओसरल्यावर ठेवाव्यात, जूनच्या आधी काढाव्यात.

बाहेर काढल्यावर आतलं मांस कुजतं, वास कित्येक दिवस जात नाही. ते साफ झालं तरी ताटलीच्या मातीत मुरलेलं मीठ राहतंच. ताटली तशीच वाळवली तर मिठाचे खडे धरतात आणि झिलईचे पापुद्रे निघतात. त्यासाठी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, कित्येक आठवडे. बादलीतल्या पाण्याचा एक थेंब आणि नळाचा एक थेंब काचेवर शेजारी-शेजारी वाळवायचे. बादलीच्या थेंबाचा डाग जास्त पांढरा दिसला, तर ताटली परत पाण्यात.