सोनचाफा कडेकडेनं करपतोय

नमस्कार श्रोतेहो.

होळी झाली, उन्हं तापायला लागली, की "पानं करपतायत, काय फवारू?" हा प्रश्न मला ठरलेला. परवा नेरुळच्या एका सोसायटीतून बोलावणं आलं. गेटपाशी दुसऱ्या मजल्याला टेकलेला सोनचाफा. सेक्रेटरींनी बुरशीनाशकाची बाटली आधीच आणून ठेवलेली. म्हटलं, बाटली राहू द्या, आधी एक पान द्या.

पान मधे हिरवंगार, मधली शीरही हिरवी, आणि टोकापासून दोन्ही कडांनी तपकिरी पट्टा. बोटांत धरला तर पापडासारखा चुरला. बुरशी सहसा अशी शिस्तीत कडेनं चालत नाही, तिचे डाग पानभर कुठेही उठतात. देवचाफ्यावरचा तांबेरा तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात पानावर पिवळे ठिपके येतात आणि पान उलटलं की नारिंगी पूड बोटाला लागते. इथे पानामागे काहीच नव्हतं. एसीच्या गरम हवेनं करपलं असतं तर झाडाची एकच बाजू गेली असती. इथे चारी बाजूंना तीच तऱ्हा.

कडा करपली की आधी पाण्याकडे बघायचं. पान पाणी हवेत सोडतं, पण पाण्यातलं मीठ मागे राहतं आणि कडेला साठत जातं.

माळीमामा आळं भरत होते. विचारलं, "मामा, पाणी कुठलं?"

"बोअरचं, ताई. नळाचं झाडांना नको म्हणाले. पावसाळ्यात बघा तुम्ही याला, कसा झकास असतो! दिवाळी सरली की बिघडतो."

निदान मामांनीच केलं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. पावसानं मीठ धुऊन खाली जातं, पाऊस थांबला की बोअरचं पाणी ते पुन्हा आणून ओततं. नवी मुंबईचा खाडीलगतचा बराच भाग खाजणात भराव टाकून उभा राहिलाय, तिथल्या बोअरला खारटपणा असायचाच. फिल्टरवाल्याकडे असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, बुडवला. नळाच्या पाण्याचा आकडा दोन अंकी, बोअरचा चार अंकी. आळ्यातल्या सुकल्या मातीवर पांढुरकी साय होतीच.

तेव्हा आरओचं टाकाऊ पाणी कुंड्यांना घालणाऱ्यांनीही जरा थांबावं. त्यात क्षार एकवटलेले असतात. त्यानं लादी पुसा.

एक फसगत मात्र होते. मुळं पाण्यात कुजली तरी कडा अशाच करपतात, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणून खुरप्यानं वीतभर खणून माती हुंगावी. गटारासारखा वास आला तर आधी पाणी तोडा. इथली माती मोकळी निघाली.

मग ठरलं ते असं: आठवड्यातून एकदा नळाचं पाणी, सावकाश, आळं दोनदा भरून जिरेपर्यंत. युरिया बंद, त्यानंही मातीत क्षार वाढतात. बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक हातभर मागे. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर, बुंध्यापासून चार बोटं सोडून.

सेक्रेटरींनी विचारलं, "पानं हिरवी कधी होणार?" करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. पण ते तोडूही नका, त्याचा हिरवा भाग अजून झाडाला पोसतोय. शेंड्याची नवी पालवी बघत राहा. तिच्या कडा महिनाभर स्वच्छ राहिल्या, तर बाटली दुकानात परत करा.