कॅराव्हॅनचं ऑनिंग आणि नागपूरचा वैशाखी वारा

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यात आपण नागपूरकर हवामानाची बातमी ऐकतो ती पाऱ्यासाठी. आज ४३ की ४५, एवढंच आपल्याला हवं असतं. त्याच बातमीत पुढे एक वाक्य येतं, 'विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी वारे, वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर.' तोवर आपण कूलरमध्ये पाणी टाकायला उठलेलो असतो. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या वाक्याबद्दल, आणि मुख्यतः ज्यांच्याकडे कॅराव्हॅन आहे, कॅम्पर व्हॅन आहे किंवा जीपच्या टपावर गुंडाळीचं ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढता येणारं कापडी छत, बसवून घेतलं आहे, अशा मंडळींशी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या आधीपासूनच हौशी लोक जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून पेंच, ताडोबा, चिखलदऱ्याकडे निघत होते. आता अशा गाड्या वाढल्या आहेत आणि बहुतेकांना ऑनिंग हवंच असतं. डाव्या अंगाला, दाराच्या वर एक लांब नळकांडं बसवलेलं असतं, त्यात कापड गुंडाळलेलं. दांडा फिरवला किंवा बटण दाबलं की कापड बाहेर येतं, दोन हात उलगडतात आणि खाली चार खुर्च्या आणि चहाचा स्टोव्ह मावेल एवढी सावली पडते. आपल्याकडच्या उन्हात ही सोय किती मोलाची, हे मी सांगायला नको. माझं एकच म्हणणं आहे : हे छत उन्हासाठी आहे, वाऱ्यासाठी नाही. दोऱ्या बांधून, खुंट्या ठोकून ते वाऱ्यात टिकवायचा नाद सोडा. ते वेळेत मिटायला शिका.

थोडा हिशेब मांडू. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद कापड म्हणजे साडेसात चौरस मीटर. ताशी २० किलोमीटरचा वारा या कापडात पुरता भरला, तर साधारण १४ किलोचा जोर बसतो. तेवढा दोन माणसं हसत हसत धरतील. वारा ४० झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ५७ किलोच्या आसपास. आणि ६० च्या झोताला सव्वाशे किलो! बातमीतलं '४० ते ५०' ऐकायला स्कूटरच्या वेगाएवढं वाटतं, पण कापडाच्या हिशेबाने एखादा धडधाकट माणूस छताला लोंबकळावा असं ते वजन आहे, आणि तेही खालून वर. ज्यांना वाटतं की आपल्या नागपुरात कुठे आलाय समुद्रावरचा वारा, त्यांच्यासाठी सांगतो : इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५, त्यात नागपूरसाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. ताशी १५८ किलोमीटर. असा वारा रोज येत नाही, पण इंजिनिअर लोक घर बांधताना तो गृहीत धरतात.

खालून वर का, तेही सांगतो. वारा छताखाली शिरतो, समोर गाडीची भिंत असते, पुढे जायला वाट नाही. मग तो वर दाबतो. त्याच वेळी गाडीच्या टपावरून सुसाट जाणारी हवा वरून कापड ओढत असते. छत उचललं जातं, झोत ओसरला की धपकन खाली येतं, पुढच्या झोताला परत वर. गच्चीवर वाळत घातलेली सतरंजी वाऱ्यात दोन हातांनी धरून पाहा, हाताला ओढीपेक्षा हिसकाच जास्त लागतो. ऑनिंगचंही तसंच. मोडतोड होते ती हिसक्याने.

गाड्यांच्या बॉडीचं काम करत असल्याने हे नुकसान मला जवळून बघायला मिळतं. लोक कापड फाटलं म्हणून येतात आणि मी आधी भिंत बघतो. ब्रॅकेटच्या स्क्रूचं भोक गोल राहिलेलं नसतं, वरच्या बाजूला लांबट झालेलं असतं, भोवतीचा पत्रा नखभर फुगलेला, आणि पाणी झिरपून खाली तांबूस ओघळ आलेला. बऱ्याचदा आतून चाचपलं की कळतं, स्क्रू फक्त पत्र्यात पकडलेले आहेत. मागे चौकट नाही, पट्टी नाही. कापड नवं घालता येतं, पण या भिंतीचं काम खर्चिक आणि कटकटीचं. म्हणून नवीन ऑनिंग बसवून घेताना कारागिराला एवढंच विचारा, 'भाऊ, बोल्ट सांगाड्यात जातो आहे की नुसत्या पत्र्यात? आतून पट्टी देणार का?' त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

आता आपल्याकडचं वादळ येतं कसं ते बघा. दुपारभर जमीन तापते, हवा वर चढते, तीन-चार वाजता पश्चिमेकडे ढगांचे डोंगर उभे राहतात. ढगातून पाऊस सुटतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की पुष्कळसं पाणी वाटेतच उडून जातं. त्यात ती हवा गार होते, जड होते आणि कोसळते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी जो गार झोत येतो आणि आपण 'वा, काय हवा सुटली' म्हणतो, तो हाच. त्याच्या आधी पाच-दहा मिनिटं बहुतेकदा वारा एकदम पडतो, पान हलत नाही. छत उघडं असेल तर ही शांतता हीच शेवटची संधी समजा. त्यानंतर जे वावधान सुटतं ते दिशा विचारून येत नाही. दिवसभर पश्चिमेचा वारा बघून तुम्ही सगळी मांडणी केलेली असते आणि झोत येतो नेमका उलट्या अंगाने.

वेगमापक यंत्र जवळ नसलं तरी चालतं. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की वारा वीसच्या पुढे गेला, सावध व्हा. छोटी झाडं मुळापासून डोलायला लागली, तलावाच्या पाण्यावर पांढरट शेंडे दिसले की तिशी ओलांडली. माझ्या मते छत मिटायची वेळ हीच. विजेच्या तारा शीळ घालू लागल्या आणि मोठ्या फांद्या हलू लागल्या म्हणजे चाळिशी गाठली, तुम्हाला उशीर झाला आहे. बहुतेक कंपन्याही आपल्या पुस्तिकेत साधारण तीस ते चाळीसच्या दरम्यानच थांबा म्हणतात, आणि ते नव्या कापडासाठी. आपल्या उन्हात चार उन्हाळे काढलेल्या शिवणीला ती सवलत देऊ नका. कापडाआधी दोरा कुजतो. शिवणीवर नख घासून पाहा, दोरा भुकटीसारखा सुटत असेल तर शिवून घ्यायची वेळ झाली.

गाडी उभी कशी करायची, यातही शहाणपण आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडचा आणि ऊनही पश्चिमेचंच. ऑनिंग डाव्या बाजूला असतं. मग गाडीचं तोंड दक्षिणेला करा. डावी बाजू पूर्वेला येते, गाडीचं धूड वाराही अडवतं आणि ऊनही. छत निम्मंच उघडलं तरी पुरतं. गाडीच्या आडोशाला हवा थोडी घुटमळते, कापड फडफडतं, पण थेट झोत लागत नाही. रामटेकजवळ खिंडसीच्या काठाला उभे असाल तर मात्र जपा. तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला मध्ये काही आडवं येत नाही. आणि आडोसा म्हणून जुन्या झाडाखाली गाडी घालू नका. फांदीही तिथेच पडते, वीजही तिथेच.

खुंट्यांचं सांगतो, कारण लोकांचा त्यांच्यावर फार भरवसा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते. खुंटी ठोकली की ती भेगेतच जाऊन बसते आणि हाताने उपसून निघते. पहिल्या पावसाने तीच माती लोण्यासारखी होते. मुरमाड जागा बरी, पण तिथे खुंटी वाकते. लांब खुंटी, गाडीपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकलेली, आणि दोरीत स्प्रिंग असेल तर हिसके थोडे मऊ होतात. या सगळ्याने तुम्हाला छत मिटायला पाच मिनिटं मिळतात. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. काही जण ऑनिंगच्या टेकूच्या पायाला पाण्याचा २० लिटरचा जार बांधतात. सव्वाशे किलोच्या ओढीला २० किलो! जार उडून कुणाच्या तरी पायावर यायचा.

विजेवर चालणाऱ्या ऑनिंगला हल्ली सेन्सर येतो. छत हादरलं की ते आपोआप मिटतं. चांगली सोय आहे, पण तो सेन्सर हादरा बसल्यावर जागा होतो, आधी नाही. बॅटरी उतरली असेल तर तो झोपलेलाच. आणि तुम्ही दोऱ्या बांधून ठेवल्या असतील, तर मोटर आत ओढणार, दोरी बाहेर ओढणार, मध्ये हात वाकणार. दोरी किंवा सेन्सर, एकच काहीतरी ठेवा. वीज गेली तर हाताने मिटायचा दांडा कुठे लागतो, हे घरीच अंगणात करून पाहा.

सगळ्यात जास्त छतं जातात ती सफारीच्या वेळी, असा माझा अनुभव. पेंचच्या सिल्लारीला किंवा ताडोबाच्या मोहर्लीला गाडी लावायची, जेवायचं, आणि तीनच्या सुमारास जिप्सीत बसून जंगलात जायचं. इकडे छत उघडं, कारण 'परत आल्यावर चहा लागेल.' वाघ दिसतो तेव्हाच इकडे ढग भरून येतात. ज्या गाडीपाशी माणूस नाही तिचं छत मिटलेलं असावं, यात मी कुणाचंही ऐकत नाही. रात्री झोपतानाही तेच. निघण्याआधी मोबाईलवर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघायला अर्धा मिनिट लागतो. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आहे, तेही ठेवा.

आणि गाफील असताना वारा आलाच तर? आधी बाजूचे पडदे काढा, त्यांनी छताची पिशवी होते. मग दोन माणसांनी दोन पाय धरायचे, तिसऱ्याने बटण किंवा दांडा सांभाळायचा. झोत ओसरेल तेव्हा मिटायचं, झोतात नाही. पोरांना आधी गाडीत बसवा. छत उलटून टपावर गेलं तर तसंच राहू द्या, वारा थांबेपर्यंत वर चढू नका. लोखंडी पाय हातात धरून विजांच्या कडकडाटात उभं राहण्याइतकं ते छत महाग नाही.

पावसाचं गणित वेगळं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. कापडाला मध्ये झोळ असेल आणि तिथे पाणी साचलं, तर बघता बघता शंभर किलो. छत सपाट ठेवूच नका, बाहेरचा एक कोपरा मुद्दाम खाली करा. पाणी साचलंच तर खालून काठीने ढोसू नका, कोपरा हळूहळू उतरवून वाहू द्या. ओलं छत गुंडाळायची वेळ आली तर गुंडाळा, पण पुढच्या एक-दोन दिवसांत ऊन पडलं की उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. गुंडाळण्याआधी वरचा पाला झटका. कडुनिंबाची एक काडी आत राहिली तर प्रत्येक वेढ्याला भोक पाडते.

ज्यांना वाऱ्यातही बसायचंच आहे त्यांना मी शेडनेट सुचवतो. उन्हाळ्यात आपल्या शहरात सिग्नलवर हिरव्या जाळ्या ताणतात, त्याच जातीची. जाळीतून बरीच हवा पार होते, म्हणून जोर कमी बसतो. सावली थोडी विरळ पडते, पण किंमत छताच्या मानाने काहीच नाही. फाटली तर दुसरी आणा.

दोन गोष्टी राहिल्या. हाताने ओढायच्या ऑनिंगच्या नळकांड्यात पीळ दिलेली जाड स्प्रिंग असते. कापड बदलायला म्हणून घरी तिची पिन काढू नका, स्प्रिंग अडकवल्याशिवाय ती सुटली तर बोटं जातात. हे काम माहितगाराकडूनच करून घ्या.

दुसरी गोष्ट रस्त्याची. समृद्धी महामार्गावर, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, गाडी वेगात असताना मिटलेल्या ऑनिंगलाही वादळाएवढाच वारा लागतो. त्यात शेजारून ट्रक गेला की आडवा झोत. निघताना कुलूप नीट बसलं आहे का ते हाताने ओढून बघा, दोन ठिकाणी पट्टा आवळा, आणि डिझेल भरायला थांबाल तेव्हा खाली उतरून तो पट्टा परत एकदा तपासा. उन्हात आणि धक्क्यांत तो सैल पडतो. नमस्कार.