एका सेकंदाने फिरलेला हंगाम

नमस्कार. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये एकच चाल अख्ख्या हंगामाचे पारडे कसे फिरवते, हे समजून घ्यायचे असेल, तर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी ऑबर्न विद्यापीठाच्या जॉर्डन-हेअर स्टेडियमवर झालेल्या ऑबर्न विरुद्ध अलाबामा सामन्याचा शेवटचा सेकंद पाहावा, असे मला मनापासून वाटते.

एकाच राज्यातील या कट्टर प्रतिस्पर्ध्यांपैकी अलाबामाचा संघ तेव्हा अपराजित होता, क्रमवारीत पहिला होता आणि सलग तिसऱ्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या वाटेवर होता. ऑबर्नने मात्र आदल्या हंगामात बारापैकी नऊ सामने गमावले होते. २८-२८ अशी बरोबरी असताना निर्धारित वेळ संपल्यासारखी दिसली. पण अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी हरकत घेतली आणि चित्रफीत तपासून पंचांनी घड्याळात एक सेकंद परत दिला. त्या सेकंदात सेबन यांनी ५७ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने उंच खांबांमधून पार करून मिळणारे तीन गुण, मारायचे ठरवले.

इथे नियम नीट लक्षात घ्यावा लागतो. किक आखूड पडली आणि विरोधी खेळाडूने ती मैदानाच्या आत झेलली, तर खेळ थांबत नाही. तो चेंडू घेऊन धावू शकतो. शिवाय किकच्या वेळी मारणाऱ्या संघातून मुख्यतः अंगाने भारी, प्रतिस्पर्ध्याला अडवून धरणारे खेळाडू उतरलेले असतात, आणि मोकळ्या मैदानात वेगवान धावपटूला गाठून पाडणे त्यांना फार अवघड जाते. ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाला असलेल्या गुण मिळवण्याच्या पट्ट्याच्या, अगदी मागच्या रेषेपाशी उभा होता. त्याने झेल घेतला, डावी कड धरली आणि थेट समोरचा एंड झोन गाठला, म्हणजेच सहा गुणांचा टचडाउन केला. ऑबर्न ३४-२८ असे जिंकले. ही चाल आजही 'किक सिक्स' या नावाने ओळखली जाते.

तिचे वजन एवढे वाढले ते त्या काळच्या पद्धतीमुळे. राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्रमवारीतील पहिल्या दोनच संघांना प्रवेश होता, त्यामुळे एका पराभवाने अलाबामाची वाट बंद झाली. ऑबर्नने पुढच्या आठवड्यात मिझुरीला ५९-४२ असे हरवले. त्याच दिवशी अपराजित ओहायो स्टेटही हरले, हे विसरून चालणार नाही, कारण त्याशिवाय ऑबर्नला दुसरी जागा मिळणे कठीण होते.

६ जानेवारी २०१४ रोजी पॅसाडिना येथे झालेल्या अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटने शेवटचे १३ सेकंद उरले असताना टचडाउन केला आणि ऑबर्न ३४-३१ असे हरले.