मास्तर, एवढा डबा द्याल?

(दृश्य: सकाळ. किनाऱ्यावर दोन बाजूंनी दोर ओढणारी माणसं.)

कोकणात परक्यालाही आपलं कसं मानतात, ते या फितीत पाहू. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अजूनही रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि परत वाळूला लागते. मग दोन्हीकडून दोर ओढायचे. काम दमछाक करणारं, आणि हात जितके असतील तितके कमीच. त्यात रापणीचे भागीदार असतात, तसा सकाळी पुळणीवर फिरायला आलेला पाहुणाही असतो. दोर धरणाऱ्याला नाव-गाव कोणी विचारत नाही.

जाळं वर आलं की वाटे पडतात. ज्याने नुसता हात लावला, त्याच्याही पुढ्यात चार बांगडे येतात. पिशवी नसेल तर कोणीतरी आपली देतं. पाहुण्याने खिशात हात घातला की म्हातारा रापणकर मान हलवतो. "वडलास मां? मग घेवन जा." (ओढलंस ना? मग घेऊन जा.)

माशांचा अख्खा थवा घेरणारी पर्ससीन जाळी आणि रात्री मासे खेचून घेणारे एलईडी दिवे यांनी मासा किनाऱ्यापर्यंत येऊच दिला नाही, असं रापणकर कळवळून सांगतात. कधी एवढं ओढून टोपलीभर पेडव्यांसारखे लहान मासेही निघत नाहीत. त्या दिवशीही परक्याला मूठभर मिळतात. घरी चूल पेटायची असताना ती मूठ सोडणं सोपं नाही.

(दृश्य: चिपळूणची बाजारपेठ, भिंतींवरच्या पुराच्या खुणा.)

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्यांना वर ओढून घेतलं. शेजारी कोण आणि वाटसरू कोण, हे बघायला वेळ नव्हता. पाणी ओसरलं, चिखल राहिला. दुकानांत, कपाटांत, देवघरांत. तो उपसायला बाहेरगावची माणसं फावडी-घमेली घेऊन आली.

पूर लक्षात राहतो. आम्हाला मात्र जास्त सांगायचंय ते रोज संध्याकाळी डेपोतून सुटणाऱ्या एका गाडीबद्दल.

(दृश्य: तिन्हीसांजेचा घाटरस्ता. लाल एसटी.)

कोकण रेल्वे १९९८ मध्ये रोह्यापासून पार मंगळूरकडे धावू लागली. पण स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे. खाडीपल्याडच्या, डोंगरातल्या वाड्यांना आधार एसटीचाच. त्यातली शेवटची फेरी म्हणजे वस्तीची गाडी. रात्री गावात पोचते, तिथेच मुक्काम करते, पहाटे पहिली फेरी घेऊन निघते.

ड्रायव्हर-कंडक्टर कधी देशावरचे, कधी मराठवाड्यातले. गावात ना नातं ना ओळख. देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकतात. रात्री कोणाच्या तरी घरून भात आणि माशाची कढी येते. शाकाहारी असेल त्याला डाळ. पहाटे अंगणातून हाक येते, "मास्तरांनू, चाय घेवन जावा!" बदली होऊन नवा कंडक्टर येतो, हाक तीच राहते.

आणि परतफेड? ती त्याच गाडीतून होते. डेपोला परतताना मास्तरांच्या खिशात दोन चिठ्ठ्या असतात, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोणाचं चष्म्याच्या दुकानातलं काम. संध्याकाळी पुडी बरोबर त्या घरी पोचते. सुटे पैसे राहिलेच तर कागदात गुंडाळून.

पण आम्ही कॅमेरा सगळ्यात जास्त वेळ धरला तो एका डब्यावर. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाचा डबा. तीन पुडांचा, वर रुमालाची घट्ट गाठ, गाठीत खोचलेला नावाचा कागद. आई अंधारात थांब्यावर उभी असते. "मास्तर, एवढा डबा द्याल?" ड्रायव्हर तो आपल्या सीटशेजारी, हिसका बसणार नाही असा, पायाजवळच्या कोपऱ्यात ठेवतो. वळणावळणाला त्याचा डावा पाय डब्याला टेकतो, सरकला नाही ना याची खात्री करतो. स्टँडवर मुलगा वाट बघत असतो. डबा हातात देताना ड्रायव्हर विचारतो, "परीक्षा कधी रे?"

आता या फेऱ्यांवर गदा येतेय. फेरी ठेवायची की बंद करायची, हे भारमान बघून ठरतं. गाडीत किती प्रवासी बसले, किती तिकिटं फाटली. तोट्याची गाडी चालवणं महामंडळाला जड जातं, हे आम्हालाही पटतं. तरी भारमानात तो डबा येत नाही. गोळ्यांची पुडी येत नाही. गाडी गेली तर त्या बाईने डबा कोणाच्या हाती द्यायचा, या प्रश्नाला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

म्हणून ज्यांच्या सहीने फेऱ्या बंद होतात, त्या साहेबांना आमची कळकळीची विनंती आहे. सही करण्याआधी एकदा त्या गाडीने शेवटच्या थांब्यापर्यंत या, रात्री मुक्काम करा. जेवणाची काळजी करू नका.