दुष्काळाचं पुस्तक कुठे आहे?

नमस्कार मंडळी. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः एमए, पीएचडी करणाऱ्या पोरापोरींसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही, कारण घरी असं वाटत असतं की पोरगी रोज लायब्ररीत जाते म्हणजे पुस्तकं वाचते, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन महिने ती वाचत नसते, ती शोधत असते आणि तिला सापडत नसतं.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात बरीच वर्षं काढली. त्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं म्हणाल तर "सर, या विषयावर काहीच मटेरियल नाही." आणि मी तुम्हाला आज मनापासून सांगतो, दहातल्या नऊ वेळा मटेरियल असतं, फक्त ते तुमच्या शब्दाखाली नसतं, दुसऱ्याच कुठल्या तरी शब्दाखाली बसलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ आणि त्याच्याच मागे मागे जाऊ. जालन्याकडची एक मुलगी आली होती, कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र घेऊन, दोन फोटो, आयडीची झेरॉक्स, सगळं नीट. (हे आधीच सांगून टाकतो, दुसऱ्या कॉलेजातून विद्यापीठाच्या ग्रंथालयात येणार असाल तर पत्र घेऊनच निघा. एका ठिकाणी, नाव नाही घेत, लांबून एसटीने आलेल्या पोराला पत्रावर शिक्का नाही म्हणून गेटवरून परत पाठवलेलं मी बघितलंय, मला आजही त्याचं वाईट वाटतं.) तर ती म्हणाली, सर, बहात्तरच्या दुष्काळावर पुस्तक पाहिजे, कॉम्प्युटरवर दुष्काळ टाकलं तर कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या आल्या.

मी म्हटलं, बस, आधी शब्द लिहून काढू. दुष्काळ, अवर्षण, टंचाई. मग इंग्रजीतले, फॅमिन, ड्रॉट, स्कॅरसिटी. आता तुम्ही म्हणाल यात काय मोठं, सगळे एकच. एकच नाहीत! आपल्या राज्यात 1963 साली चक्क एक कायदा झालाय, राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून फॅमिन हा शब्द काढून टाकायचा आणि तिथे स्कॅरसिटी घालायचा. म्हणजे सरकारच्या कागदात त्यानंतर बरीच वर्षं दुष्काळ पडतच नव्हता, टंचाई पडायची. आणि बहात्तर तर त्याच्या नऊ वर्षांनंतरचं. मग तुम्ही फॅमिन टाकून सरकारी रिपोर्ट शोधणार, आणि काही नाही म्हणून घरी जाणार. त्या काळावरचं व्ही. सुब्रमण्यन यांचं 1975 सालचं पुस्तक आहे, पार्च्ड अर्थ, त्याच्या नावात फॅमिन नाहीच, ड्रॉट आहे. बघा, एका शब्दावरून अख्खं पुस्तक हातातून जातं.

याच्या उलट तुम्हाला 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ बघायचाय तर तिथे फॅमिनच टाकायचं, कारण इंग्रजांनी 1880, 1898 आणि 1901 ला जे कमिशनचे रिपोर्ट काढले ते सगळे फॅमिन कमिशनचे. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअरं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, बघायची तर सोलापूर टाकून नाही चालत, एसच्या पुढे एच लागतो, पुण्याचं पूना करावं लागतं. आणि आताची नावं बदललीत, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, पण कॅटलॉगमधली पन्नास वर्षांपूर्वीची नोंद जुन्याच नावाने पडलेली आहे, ती कोणी बदलत बसत नाही, आणि बदलू पण नये, पुस्तकावर जे छापलंय तेच नोंदीत पाहिजे. मराठी पुस्तकाच्या नोंदी तर कित्येक ठिकाणी रोमन लिपीत केलेल्या आहेत, आणि दुष्काळचं स्पेलिंग नोंद करणारा प्रत्येक जण वेगळं करतो. म्हणून देवनागरीत शोधा, रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हेने शोधा, आणि तरी नाही आलं तर लेखकाच्या आडनावाने शोधा.

आता तिचा पुढचा प्रश्न ऐका. ती म्हणाली, सर, मला जालना जिल्ह्याचेच आकडे पाहिजेत. मी म्हटलं, बाळ, बहात्तर साली जालना जिल्हाच नव्हता. तो झाला 1981 ला, औरंगाबादमधून निघून. लातूर 1982 ला, उस्मानाबादमधून. म्हणजे तुला औरंगाबाद जिल्ह्याचं 1971 च्या जनगणनेचं हँडबुक काढायचंय आणि त्यात जालना तालुका बघायचाय. ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण ती तीन आठवडे जालना, जालना असंच शोधत होती, आणि तिच्या गाईडने पण तिला हे सांगितलं नव्हतं. अजून मागे जायचं असेल, 1948 च्या आधी, तर मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, मग मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये डोकं घालून काय मिळणार, तिथे रॅकच वेगळा.

रॅकवरून आठवलं. बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला एक नंबर देऊन, लावलेली असतात. त्या पद्धतीत दुष्काळ एका जागी नाहीये. पाऊस-पाणी म्हणून बघितलं तर 551 ला, अन्नटंचाई म्हणून 363 ला, मजुरी आणि रोजगार 331 ला, शेती 630 ला, आणि इतिहास म्हणून लिहिलं असेल तर 954 ला. म्हणजे एकच दुष्काळ पाच ठिकाणी, कधी दोन मजल्यांवर. मी तिला हे सगळे नंबर चिठ्ठीवर लिहून दिले आणि म्हटलं प्रत्येक ठिकाणी जा, तुला हवं ते पुस्तक काढ आणि मग त्याच्या डाव्या-उजव्या हाताची दहा-दहा पुस्तकं नुसती चाळून ये. हे कॉम्प्युटरवर होत नाही हो. शेजारचं पुस्तक दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्यासाठी पायांनी तिथपर्यंत जायला लागतं.

आणि तिथे गेल्यावर जे परिचर असतात ना, पुस्तकं परत जागेवर लावणारे, त्यांना विचारा. बांधीव अंक कुठल्या कपाटात आहेत, कुठला खंड बाइंडिंगला गेलाय, सरकारी रिपोर्ट खालच्या फळीवर का ठेवलेत, हे त्यांना कॅटलॉगपेक्षा जास्त माहीत असतं. मी स्वतः अडलो की त्यांनाच विचारायचो.

आता ऑनलाइनचं. शोधगंगा तुम्हाला माहीत असेल, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे ठेवलेले आहेत. पोरं तिथे जाऊन काय करतात, तर पहिलं प्रकरण उघडतात आणि, जाऊ दे, पुढचं मी बोलत नाही. तुम्ही एक करा, तुमच्या विषयाच्या जवळचा प्रबंध उघडला की सरळ शेवटाकडची फाईल उघडा, संदर्भसूची. त्या माणसाने चार-पाच वर्षं घालून ती यादी केलेली असते. त्यातलं कुठलं आपल्या ग्रंथालयात आहे त्याच्यावर खुणा करा, मग त्या पुस्तकाच्या तळटीपा बघा, तिथून पुढचं पुस्तक. असं तीन घरं मागे गेलात की तुमच्या लक्षात येतं सगळे जण फिरून फिरून त्याच चार-पाच मूळ कागदांपाशी येतायत, आणि ते कागद तुम्ही स्वतः बघायचे, दुसऱ्याने त्यातनं काय उचललं त्याच्यावर थांबायचं नाही. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग हा आकडा पहिल्यांदा कुठल्या कागदात आला, त्यात तुमच्या तालुक्याची किती, हे विचारलं की तुमचं संशोधन सुरू झालं.

जर्नल्सचं म्हणाल तर 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, जवळपास 13,000 जर्नल्स सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांना उघडी झालीत. आपलं कॉलेज त्यात आहे का ते आपल्या ग्रंथपालांना विचारा, फुकट असलेल्या लेखाला पोरांनी पैसे भरलेले मी बघितलेत.

पण मराठीतलं जुनं सगळं ऑनलाइन नसतं बरं का. तिथे दाते सूचीच. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 आणि मग 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, विषयवार, आणि दाते-काळे-बर्वे यांची नियतकालिकांची सूची वेगळी. हे जाड ठोकळे संदर्भ विभागात असतात, घरी नेता येत नाहीत, आणि मला वाटतं मराठीतून संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने एक अख्खा दिवस नुसतं ते चाळायला द्यावा. कुठलं पुस्तक होऊन गेलंय हे तर कळतं. मग ते आपल्याकडे नसेल तर मुंबईच्या टाउन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बघा. 1954 च्या कायद्याप्रमाणे, छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना द्यायची असते, त्यातलं ते एक. सगळे प्रकाशक पाठवतातच असं नाही, पण आधी तिथे विचारायचं.

आणि झेरॉक्स काढताना टायटल पान काढाच. मागे तारीख, वर्गांक (पुस्तकावरचा तो विषयाचा नंबर), पान नंबर पेनने लिहा, तिथल्या तिथे. सहा महिन्यांनी तो कागद हातात आल्यावर काहीही आठवत नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. मोठा कागदांचा गठ्ठा घेऊन ती सुट्टीत गावी गेली. तिची आजी बहात्तरला खडी फोडायच्या कामावर होती, कामावर वाटलेली सुकडी, ते कोरडं खाणं, खाऊन दिवस काढलेले, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी केलेल्या. हिने आजीला ते रिपोर्ट वाचून दाखवले, टंचाई निवारण, कामाचे प्रकार, मजुरीचे दर. आजी म्हणाली, आम्ही नाही बाई दुष्काळ म्हणायचो, आम्ही खडीचं साल म्हणायचो. धाकटा मामा खडीच्या सालातला. मग ही गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन परत तोच प्रश्न विचारायला लागली, यावेळी शब्द बदलून, आणि ज्या आधी म्हणत होत्या काय आठवत नाही ग पोरी, त्या तास तास बोलल्या. त्या मुलाखती तिने तारीख, गाव, वय सगळं लिहून प्रबंधाच्या परिशिष्टात घातल्या.

तिचा प्रबंध आमच्याकडे दाखल झाला तेव्हा त्याची नोंद मीच केली. विषयाच्या रकान्यात दुष्काळ, अवर्षण, टंचाई, स्कॅरसिटी, रोजगार हमी, औरंगाबाद जिल्हा, जालना जिल्हा हे सगळं टाकलं, आणि शेवटी खडीचं साल हे पण टाकलं.