ब्रिटिश ख्रिसमसचं टेबल: मधली जागा मोकळी ठेवा!

नमस्कार मंडळी! नोव्हेंबर संपत आला की कमेंटमध्ये एकच प्रश्न सुरू होतो. "ताई, यंदा इंग्लिश शेजाऱ्यांना ख्रिसमसला जेवायला बोलावलंय, टेबल कसं मांडू?" मँचेस्टरहून येतो, मिल्टन कीन्सहून येतो, स्लाओहून तर दर आठवड्याला येतो. गेल्या वर्षी मी एकेकाला वेगळं उत्तर लिहीत बसले होते. यंदा म्हटलं, टेबलासमोरच बसू आणि सगळं एकदाच सांगू.

आधी सोपं आहे ते उरकून घेते. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार ताटलीच्या बाजूला. सूप असेल तर त्याचा चमचा सुरीच्याही बाहेर, उजवीकडे. खाताना बाहेरून आत यायचं. पुडिंगचा चमचा आणि काटा ताटलीच्या वर आडवे ठेवायचे, चमच्याची मूठ उजवीकडे, काट्याची डावीकडे. पावाची छोटी ताटली डाव्या हाताला, ग्लास उजव्या हाताला सुरीच्या टोकाशी. झालं. आपल्या ताटात कसं, मीठ वर मध्यभागी, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, यात आजी कधी चुकायची नाही. तसंच हे. दोनदा मांडलंत की हात आपोआप तिकडे जातो.

आता मुद्द्याचं. यासाठीच आजचा व्हिडिओ आहे.

टेबलाची मधली जागा मोकळी ठेवा.

तुम्ही मला जे फोटो पाठवता ना, त्यातल्या दहांतल्या आठांमध्ये मध्ये भलामोठा हार पसरलेला असतो. देवदाराच्या फांद्या, पाइनकोन, त्यात चार-पाच उंच मेणबत्त्या, कडेने सोनेरी गोळे. दिसायला देखणं असतं, मेहनतही दिसते. पण माझा प्रश्न एकच आहे: बटाटे कुठे ठेवणार?

इथल्या ख्रिसमसच्या जेवणात वाढपी नसतो. आपल्या पंगतीत वाढणारा रांगेतून फिरतो, आग्रह करतो, पानावर पान पुढे सरकतो. इथे माणसं जागेवर बसतात आणि भांडी फिरतात. टर्की बहुतेक घरांत स्वयंपाकघरातच कापून आणतात, पण रोस्ट बटाटे, गाजर-पार्सनिप, ब्रसेल्स स्प्राउट्स (चिमुकल्या कोबीसारखी भाजी), स्टफिंग, बेकनमध्ये गुंडाळलेली छोटी सॉसेजेस, क्रॅनबेरी सॉस, ब्रेड सॉस आणि ग्रेव्ही हे सगळं टेबलावर येतं. मोजा. आठ भांडी झाली, आणि प्रत्येकात एक मोठा चमचा. "जरा स्प्राउट्स इकडे देता का?" हे वाक्य त्या जेवणात वीस वेळा ऐकू येतं, आणि त्या देण्याघेण्यातच गप्पा रंगतात. भांडं ठेवायला जागा नसेल तर ते कोणाच्या तरी हातात अडकून बसतं, आणि ती व्यक्ती जेवू शकत नाही.

माझ्याकडे हेच झालं होतं. रेडिंगमधला आमचा पहिला ख्रिसमस, शेजारच्या आजी-आजोबांना बोलावलं होतं. मी दोन दिवस खपून मध्ये हिरवा हार केला होता, त्यात लाल मेणबत्त्या. सगळे बसले, मी ग्रेव्ही घेऊन आले आणि टेबलाशी उभीच राहिले. ठेवायला वीतभर जागा नाही. ती ग्रेव्ही शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर गेली, बटाटे साइडबोर्डवर. मग दर पाच मिनिटांनी कोणीतरी उठायचं. एकदा आजी बटाटे घ्यायला मेणबत्तीवरून वाकल्या आणि त्यांच्या लोकरी स्वेटरची बाही ज्योतीच्या अगदी जवळून गेली. काही झालं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला तो अजून आठवतो.

जाताना त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी चोवीस तारखेला दुपारी आल्या, कपाटातली माझी सगळी वाढायची भांडी रिकामीच टेबलावर मांडायला लावली आणि प्रत्येकात कागदाची चिठ्ठी टाकली. 'बटाटे'. 'स्प्राउट्स'. 'ग्रेव्ही'. त्यांच्या तिरक्या, जुन्या वळणाच्या अक्षरात. म्हणाल्या, आता जी जागा उरली, ती सजावटीची.

(कॅमेरा टेबलावर)

हे बघा, आजही मी तसंच केलंय. रिकामी भांडी, त्यात चिठ्ठ्या. दुसऱ्या दिवशी ऐन घाईत कोणीही मदतीला आलं तरी "हे कशात काढू?" असं विचारावं लागत नाही. आणि उरलेली जागा दिसते ना? दोन भांड्यांमध्ये हातभरसुद्धा नाही. तिथे मी काचेच्या छोट्या पेल्यांत एकेक बुटकी मेणबत्ती ठेवलीये आणि आयव्हीची एकेक वेल सोडलीये. बस, एवढंच.

ज्यांना अजून पटलं नाही त्यांच्यासाठी टेप आणलीये. आपल्या घरांतली टेबलं साधारण 90 सेंटिमीटर रुंद असतात. जेवणाची ताटली 27 सेंटिमीटरची. ती कडेपासून दोन सेंटिमीटर आत ठेवली की एका बाजूला 29 गेले, समोरासमोर मिळून 58. उरले 32. त्यातून दोन्हीकडच्या पुडिंगच्या चमच्या-काट्यांना सात-सात सेंटिमीटर द्या. उरले 18. अठरा सेंटिमीटर! माझं बटाट्याचं भांडंच 25 चं आहे. त्यात तुम्ही 30 सेंटिमीटर रुंदीचा हार कुठे बसवणार?

मग मार्ग काय? एक तर पुडिंगचे चमचे आधी मांडू नका, पुडिंगबरोबर आणा. घरच्या जेवणात चालतं, कोणी नावं ठेवत नाही. दुसरं म्हणजे हिरवाई टेबलावरून उचला आणि फायरप्लेसच्या वर, खिडकीत, जिन्याच्या कठड्यावर न्या. इंग्लिश घरात ती तिथेच जास्त शोभते. मध्ये काही उंच हवंच असेल तर बसल्यावर समोरच्याचे डोळे दिसतील इतपतच ठेवा. मी कोपर टेबलावर टेकवून हात उभा करते. हनुवटीच्या वर जाईल ते काढून टाकते. मेणबत्तीच्या पलीकडे बसलेल्या माणसाशी तासभर बोलून बघा, मान अवघडते.

एका ताईंनी गेल्या वर्षी लिहिलं होतं, "पण मग फोटो रिकामा दिसतो." अहो, फोटो जेवण वाढल्यावर काढा! सोनेरी बटाटे, हिरवे स्प्राउट्स, लालभडक क्रॅनबेरी. त्या टेबलाची सजावट ते जेवणच आहे.

आता ताटल्या. ताटल्या आधी मांडून ठेवू नका. ग्रेव्ही थंड ताटलीवर पडली की लगेच आळते आणि वर साय धरते. म्हणून इथे ताटल्या ओव्हनमध्ये 70 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं गरम करून आणतात. पाहुणे बसतात तेव्हा ताटलीची जागा रिकामी असते, आणि तिथे क्रॅकर, म्हणजे रंगीत कागदात गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी, ठेवायचा. दोघांनी मिळून ओढायचा, फट्ट आवाज होतो, आतून कागदी मुकुट, चिठ्ठीवरचा बाळबोध विनोद आणि एखादी चिमुकली वस्तू निघते. मुकुट घालायचाच! शेजारचे ऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा घालतात आणि पुडिंग संपेपर्यंत काढत नाहीत. सगळ्यांनी हात फुलीसारखे एकमेकांत घालून गोल करून एकदम ओढले तर आणखी मजा येते. क्रॅकर फुटले की कागद गोळा करायचे, आणि मग गरम ताटल्या. जागेचा प्रश्नच उरत नाही.

हे क्रॅकर लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याचं डोकं. 1840 च्या दशकात त्याने पॅरिसमध्ये पीळ दिलेल्या कागदातली बोनबोन पाहिली आणि तसली लंडनमध्ये विकायला काढली. फट्ट आवाज नंतर आला, आत मुकुट ठेवायची कल्पना त्याच्या मुलाची. लंडनला गेलात तर फिन्सबरी स्क्वेअरमध्ये त्याच्या बायकोच्या स्मरणार्थ मुलांनी बांधलेलं कारंजं आहे, ते जरूर बघा.

झाडाबद्दल फार थोडं, कारण त्यावर स्वतंत्र व्हिडिओ आहे. सुया गळायला नको असतील तर नॉर्डमन फर, घरभर वास हवा असेल तर नॉर्वे स्प्रूस. खरं झाड आणलंत की बुंधा तळाशी दोन-तीन सेंटिमीटर कापा आणि लगेच पाण्यात उभं करा. कापलेल्या जागी डिंक धरला की झाड पाणी ओढत नाही. आणि रेडिएटरजवळ अजिबात नको. "हे झाड व्हिक्टोरिया राणीने आणलं ना?" असं खूप जण विचारतात. तिच्या आधी, 1800 साली, शार्लट राणीने विंडसरला यू नावाचं सदाहरित झाड सजवलं होतं. व्हिक्टोरिया आणि आल्बर्टचं झाडाभोवतीचं चित्र 1848 मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आलं, आणि मग ते घरोघरी पोचलं.

हॉली आणि मिसलटो या सजावटीच्या डहाळ्यांबद्दल मात्र जरा कडक बोलते. हॉलीची लाल फळं, मिसलटोची पांढरी फळं, दोन्ही विषारी. रांगतं मूल किंवा कुत्रा घरात असेल तर ती टेबलाच्या कडेला, खालच्या फांदीवर नकोत. मिसलटो दाराच्या चौकटीत उंच बांधा, हॉली फोटोच्या चौकटीवर खोचा. गेल्या वर्षी एका फोटोत मला बाळाच्या उंच खुर्चीच्या ट्रेवर हॉलीची डहाळी दिसली. मी त्याच मिनिटाला त्यांना मेसेज केला होता.

वेळेचं विचारलंय बऱ्याच जणांनी. जेवण दुपारचं, एक-दीडला बसायचं. तीन वाजता राजाचं भाषण असतं. 1932 मध्ये पाचव्या जॉर्जने रेडिओवर पहिलं भाषण केलं, तेव्हापासूनची ही प्रथा. बरेच ज्येष्ठ पाहुणे ते चुकवत नाहीत, म्हणून पुडिंग तरी त्याआधी होऊ द्या, नाहीतर पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटवायची वेळ आणि भाषणाची वेळ एकच येते.

आणि सजावट काढायची पाच जानेवारीच्या रात्री, काही घरांत सहाला. त्याहून जास्त ठेवली तर अपशकुन मानतात. शेजारच्या आजी पाचच्या संध्याकाळी खिडकीतून बघतात, माझे दिवे उतरले का.

शेवटची कमेंट, नाशिकच्या एका काकूंची: "मुलगा जानेवारीत तिकडून येतोय, त्याला दोन क्रॅकर आण म्हणावं का?" काकू, क्रॅकरमधल्या पट्टीला सिल्व्हर फल्मिनेट लावलेलं असतं, अगदी कणभर, पण स्फोटकच. अनेक विमान कंपन्या ते घेऊच देत नाहीत. त्याला आधी कंपनीचे नियम वाचू दे. आणि नाहीच जमलं तर मुकुट तेवढे आणायला सांगा, ते घडी करून पुस्तकात बसतात.