चाळीस नंबरचं बिल कुठंय?

तुम्ही बहुतेकजण कोड लिहिणारे आहात, म्हणून स्क्रीनऐवजी बिलबुकापासून सुरुवात करतो. वर दुकानाचं नाव, मध्ये कार्बन, लाल आकड्यात छापलेला नंबर. बिलिंगचं ॲप करायला घेतलं तेव्हा मी हे बिलबुक मोडीत काढायला निघालो होतो. आता त्याचाच शागीर्द झालोय.

पहिली आवृत्ती घेऊन एका हार्डवेअरच्या दुकानात दुपारभर स्टुलावर बसलो. मालक एका प्लंबरचं बिल करत होते. एल्बो सहा, टी दोन, सोल्युशनचा डबा एक. तेवढ्यात एक काकू नळाचा जुना वायसर घेऊन आल्या, "अस्साच द्या." मालकांनी चार डबे उपसून वायसर शोधला, पाच रुपये गल्ल्यात टाकले, मग फोन वाजला. परत येऊन बघतात तर अर्धं बिल गायब. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला, ड्रॉवरमधून बिलबुक काढलं आणि मला विचारलं, "चहा घेणार?" मला शिव्या चालल्या असत्या.

बिलबुकात अर्धं लिहिलेलं बिल अर्धं राहतं, उडत नाही. आता आमचं ॲप उघडलं की आधी अर्धी बिलं दिसतात. आणि त्या वायसरचं काय? जीएसटी नोंदणी नसलेलं गिऱ्हाईक बिल मागत नसेल आणि रक्कम २०० रुपयांच्या आत असेल, तर वेगळं बिल लागत नाही; दिवसअखेर अशा विक्रीचं एकत्र बिल चालतं. म्हणजे काकूंसाठी एकच बटण हवं, 'किरकोळ'. आम्ही त्यांचा मोबाइल नंबर मागत होतो!

जे आपसूक कळतं ते दुकानदाराला कशाला विचारायचं? जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. माल कोल्हापुरातून पणजीच्या पार्टीकडे चाललाय हे ॲपला दिसत असताना 'सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा कर) की आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा एकच कर)?' हा प्रश्न मालकाच्या तोंडावर का मारायचा? अंदाज ॲपने भरावा, बदलायची मुभा मालकाकडे ठेवावी.

भावाचंही तसंच. काउंटरवरचा माणूस करासकट भाव बोलतो. "अकराशे ऐंशीला बसेल," म्हणजे सगळं धरून. १८ टक्के असतील तर ॲपने मागे जाऊन १,००० आणि ९० अधिक ९० अशी फोड करायची. आमचं ॲप ११८० वर पुन्हा कर चढवून १३९२.४० दाखवायचं, आणि गिऱ्हाइकासमोर मालक खोटा पडायचा. कोडमधली एकच ओळ चुकली होती, पण माणसाचा शब्द गेला.

२२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांच्या ॲपमध्ये दर फक्त मालाच्या यादीत असतो, त्यांनी ऑगस्टचं जुनं बिल उघडून बघावं. त्यावर १८ दिसले तर आधी ते दुरुस्त करा. दर त्या दिवशीच्या बिलात गोठलेला हवा. कागदावर तो आपोआपच गोठतो, शाईने.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'डिलीट'. एका दुकानाच्या सीएंचा फोन आला, "एकोणचाळीस आहे, एक्केचाळीस आहे, चाळीस नंबरचं बिल कुठंय?" बिलाचे नंबर ओळीने लागतात. मालकांनी पार्टीचं नाव चुकलं म्हणून सरळ उडवलं होतं. बटण आम्हीच दिलं होतं ना! बिलबुकात ते असं करूच शकत नव्हते. तिथे पानावर तिरपी रेघ मारतात, 'रद्द' लिहितात आणि दोन्ही प्रती जागेवर ठेवतात. जीएसटीआर-१ मध्येही, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रातही, किती बिलं रद्द झाली त्याचा रकाना आहेच.

आता डिलीट नाही. 'रद्द' दाबलं की बिलावर तिरपी रेघ येते. आम्ही हुशारी करून त्याखाली कारणाचा रकाना ठेवला, सक्तीचा. परवा त्याच हार्डवेअरवाल्यांकडे गेलो, रद्द बिलं उघडून पाहिली. प्रत्येक कारणाच्या जागी नुसतं एक टिंब. तो रकाना पुढच्या आवृत्तीत काढतोय.